होकार कोणाचा आणि कशाला?

संगणकावर किंवा मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडावे, तर पुष्कळदा मजकुराच्या आधी एक चौकट पुढे येते. ‘आम्हाला आपल्या खासगीपणाची कदर आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने तिची सुरुवात होते. त्याखाली ‘आम्ही आणि आमचे भागीदार’ काय काय करणार आहेत, याच्या चार-सहा बारीक ओळी असतात आणि सर्वांत खाली ठळक रंगात ‘सर्व स्वीकारा’ हे बटण. युरोपातल्या माणसाला ही चौकट दिवसातून अनेकदा भेटते. तिकडच्या वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपण इथे बसून उघडली, तरी ती अनेकदा दिसते. आणि बहुतेक जण मजकूर न वाचता बटण दाबून पुढे जातात.

शिक्षक पाठ्यपुस्तकातला धडा तपासतात, प्रयोगाची कृती तपासतात, प्रश्नपत्रिकेची भाषाही तपासतात. त्याच नजरेने ही चौकट तपासली तर काय दिसेल? ती लिहिणाऱ्याचा दावा असा आहे, की आम्ही तुम्हाला माहिती दिली, तुम्ही विचार केलात आणि होकार दिलात. हा दावा कितपत टिकतो ते या लेखात पाहू. त्यासाठी आधी पडद्यामागे काय घडते, ते समजून घ्यायला हवे.

चपलांचा बिल्ला

इंटरनेटवर पाने पाठवण्याची जी मूळ पद्धत आहे, तिला स्मरणशक्ती नाही. तुम्ही पान मागितले, पलीकडच्या संगणकाने ते पाठवले, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी तुम्ही दुसरे पान मागितले, तर मघाचा माणूस तो हाच, हे त्या संगणकाला कळत नाही. अशाने दुकान चालवणे कठीण. पिशवीत एक वस्तू टाकून दुसरी पाहायला जावे, तो दुकानदार पहिली विसरलेला! १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने यावर एक साधा उपाय काढला. संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरजवळ एक छोटी नोंद ठेवायला द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक वेळी ती परत दाखवायची. या नोंदीला ‘कुकी’ म्हणतात.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही सोय आहे. बिल्ल्यावर तुमचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. तो दाखवला की तुमच्या चपला तुम्हाला मिळतात. यात गैर काहीच नाही.

आता अशी कल्पना करा, की गावातले देऊळ, दवाखाना, वाचनालय, पतपेढी, सराफाची पेढी अशा सगळ्या ठिकाणी बिल्ले देण्याचे काम एकाच ठेकेदाराने घेतले आहे आणि तो सगळीकडे तुम्हाला एकाच क्रमांकाने ओळखतो. त्याला तुमचे नाव ठाऊक नाही. पण ४१७२ क्रमांकाचा माणूस सोमवारी हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला, मंगळवारी त्याने पतपेढीत कर्जाची चौकशी केली आणि बुधवारी तो सराफाकडे दागिना घेऊन गेला, एवढे त्याच्या वहीत आहे. गावातल्या कोणालाही ही वही वाचून तो माणूस कोण, हे ओळखता येईल. नाव गुप्त ठेवल्याने माणूस गुप्त राहतोच असे नाही.

इंटरनेटवर हा ठेकेदार म्हणजे जाहिरात कंपनी. वर्तमानपत्राच्या पानावरचा मजकूर वर्तमानपत्राच्या संगणकाकडून येतो, पण जाहिरातीची चौकोनी जागा बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या संगणकाकडून भरली जाते. ती कंपनी स्वतःची कुकी देते. तिच्या जागा हजारो संकेतस्थळांवर असल्या, की तुमची फेरी तिला सलग दिसू लागते. आज यासाठी कुकी हे एकच साधन उरलेले नाही. मोबाइल फोनमध्ये जाहिरातींसाठी वेगळा ओळखक्रमांक असतो, शिवाय ई-मेलचा पत्ता किंवा यंत्राच्या बारीकसारीक खुणा यांवरूनही ओळख जुळवता येते. साधने बदलली, तरी मागची कल्पना बिल्ल्याचीच आहे.

सेकंदाच्या दहाव्या भागातला लिलाव

हा बिल्ला पुढे बाजारात जातो. तुम्ही पान उघडता आणि ते पडद्यावर पूर्ण उमटण्याआधी त्यातल्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. कोणते पान उघडले आहे, यंत्र कोणते आहे, माणूस साधारण कोणत्या भागात आहे, त्याचा बिल्ला क्रमांक काय, अशा तपशिलांचे एक निवेदन एकाच वेळी अनेक कंपन्यांकडे जाते. प्रत्येक कंपनीचा संगणक आपल्या वहीत तो क्रमांक शोधतो, या माणसाला जाहिरात दाखवण्याचे किती पैसे द्यावेत ते ठरवतो आणि बोली लावतो. सर्वांत मोठ्या बोलीची जाहिरात तुम्हाला दिसते. हे सगळे साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपते.

बाजार समितीत कांद्याच्या लिलावात हरलेला व्यापारी रिकाम्या हाताने परततो. इथे मात्र हरलेल्याच्या हातीही काही उरते. बोली लावण्यासाठी त्याला तुमच्याविषयीचे निवेदन मिळालेलेच असते. ते त्याने ठेवून घेऊ नये असा नियम करता येतो, करार करता येतो. पण एकदा पाठवलेली माहिती त्याच्या संगणकातून परत खेचून घेण्याची सोय या यंत्रणेत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे परीक्षण त्यावर उभे आहे.

कायद्याने काय मागितले?

युरोपीय संघाने २००२ मध्ये इलेक्ट्रॉनिक दळणवळणातील खासगीपणाविषयी एक निर्देश काढला. २००९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक नसलेली नोंद माणसाच्या यंत्रात ठेवण्याआधी त्याची संमती घेणे बंधनकारक झाले. संमती कशाला म्हणायचे, याची काटेकोर व्याख्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमावलीत आली. या व्याख्येप्रमाणे संमती मुक्तपणे दिलेली हवी, ठरावीक कारणापुरती हवी, माहिती मिळाल्यावर दिलेली हवी आणि ती स्पष्ट कृतीतून व्यक्त झालेली हवी. शिवाय दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

ही व्याख्या उत्तम आहे, यात शंका नाही. न्यायालयांनीही ती गांभीर्याने घेतली. जर्मनीतील प्लॅनेट ४९ या कंपनीने इंटरनेटवर एक सोडत ठेवली होती आणि भाग घेणाऱ्यांच्या अर्जात कुकीच्या संमतीची खूण आधीच करून ठेवली होती. नको असेल, त्याने ती काढायची. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल दिला, की आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे. कुकी किती काळ राहणार आणि ती इतर कोणाच्या हाती पडणार, हेही सांगायला हवे, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षकांना हा न्याय सहज पटेल. उत्तरपत्रिकेत पर्याय आधीच भरून दिला आणि विद्यार्थ्याने तो खोडला नाही, तर ते उत्तर त्याचे कसे म्हणता येईल?

चौकटीची घडण

कायदा चांगला असूनही चौकट वाईट का झाली? कारण ती लिहिण्याचे काम ज्याला होकार हवा आहे, त्याच्याकडेच राहिले.

याविषयी झालेले दोन अभ्यास पाहण्यासारखे आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जर्मनीतील एका संकेतस्थळावर चौकटीची वेगवेगळी रूपे ठेवली आणि ८० हजारांहून अधिक लोक काय करतात ते पाहिले. चौकट पडद्यावर कुठे आहे, किती पर्याय आहेत, कोणते बटण उठून दिसते, यांवर लोकांचे उत्तर बदलत होते. आधी कोणतीही खूण न करता, स्वतःहून निवडायला सांगितले, तर बाहेरच्या कंपन्यांच्या कुकींना होकार देणारे लोक ०.१ टक्क्यापेक्षाही कमी निघतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दुसरा अभ्यास २०२० मधला, ब्रिटनमधील संकेतस्थळांचा. तयार चौकटी पुरवणाऱ्या पाच प्रमुख कंपन्यांच्या चौकटी त्यात तपासल्या गेल्या. कायद्याच्या अगदी किमान अटी पाळणाऱ्या चौकटी निघाल्या फक्त ११.८ टक्के. त्याच अभ्यासातील प्रयोगात असेही दिसले, की नकाराचे बटण पहिल्या पानावरून काढून आत कुठेतरी ठेवले, की होकाराचे प्रमाण २२ ते २३ टक्क्यांनी वर जाते.

विज्ञान शिकवणाऱ्याने या आकड्यांपाशी थोडे थांबावे. मोजपट्टी कोणत्या बाजूने धरली यावर वस्तूची लांबी बदलू लागली, तर आपण ती मोजपट्टी फेकून देतो. इथे बटणाची जागा बदलली की लोकांची ‘इच्छा’ बदलते. मग ही चौकट लोकांची इच्छा मोजते, की बटणाची जागा?

फ्रान्समधील माहिती-संरक्षण मंडळाने यावर कारवाई केली. गुगल आणि फेसबुक यांच्या संकेतस्थळांवर होकार एका क्लिकमध्ये देता येत होता, नकाराला मात्र अनेक क्लिक लागत होते. याबद्दल जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड झाल्याचे मंडळाने जाहीर केले. त्यानंतर नकाराचे बटण अनेक ठिकाणी पहिल्या पानावर आले. म्हणजे घडणीतला दोष दुरुस्त होऊ शकतो. पण तेवढ्याने प्रश्न सुटतो का?

प्रामाणिक चौकट केली तर?

समजा, एक अगदी प्रामाणिक चौकट केली. दोन्ही बटणे सारखी, भाषा सोपी, मजकूर पूर्ण. तरी दोन अडचणी उरतात.

पहिली अडचण वेळेची. अमेरिकेतील मॅकडोनाल्ड आणि क्रेनर या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब केला, की एका माणसाने वर्षभरात भेट दिलेल्या सर्व संकेतस्थळांची खासगीपणाविषयीची निवेदने वाचायची ठरवली, तर सुमारे २०० तास लागतील. रोज सहा तासांची शाळा धरली, तर हे महिन्याभराहून जास्त दिवसांचे काम झाले. न वाचणाऱ्याला आळशी म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सहलीला जाताना आपण पालकांकडून संमतिपत्र घेतो. कुठे जाणार, कोणत्या गाडीने, सोबत कोणते शिक्षक, परत किती वाजता, हे त्यात लिहिलेले असते. त्या सहीला अर्थ असतो, कारण विचारणाऱ्याला आपण काय करणार आहोत ते ठाऊक असते. आता त्याजागी असे पत्र कल्पा : ‘आम्ही आणि आमचे शेकडो भागीदार आपल्या पाल्याला सोयीप्रमाणे कुठेही नेऊ, तेथून पुढे कोण कुठे नेईल, ते त्या त्या भागीदाराच्या नियमपुस्तिकेत पाहावे.’ यावर कोणी सही केली, तरी ती संमती ठरेल का? लिलावाच्या यंत्रणेत नेमके हेच घडते. निवेदन कोणाकडे गेले, त्यातल्या कोणी ते ठेवून घेतले, कशाशी जोडले, हे चौकट दाखवणाऱ्या वर्तमानपत्रालाही पूर्णपणे ठाऊक नसते. ज्याला स्वतःलाच माहीत नाही, तो दुसऱ्याला माहिती देऊन संमती कशी घेणार?

यातला विरोधाभास एका खटल्यात फार स्पष्ट झाला. युरोपातील जाहिरात उद्योगाच्या संघटनेने होकार-नकार नोंदवण्याची एक सामायिक पद्धत बनवली होती. माणसाने काय निवडले, ते अक्षरांच्या एका साखळीत साठवायचे आणि ती साखळी लिलावातील कंपन्यांना पाठवायची. बेल्जियमच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ही पद्धत नियमांचा भंग करते असे ठरवून संघटनेला अडीच लाख युरो दंड केला. प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले. ७ मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की यंत्राच्या इंटरनेट पत्त्यासारख्या खुणेशी जोडून माणूस ओळखता येत असेल, तर ही साखळी स्वतःच वैयक्तिक माहिती आहे. म्हणजे खासगीपणा जपण्यासाठी घेतलेल्या संमतीची नोंद हीच माणसाच्या मागे फिरणारी आणखी एक खूण ठरली!

जाहिरात उद्योगाची बाजू

टीका करताना दुसरी बाजूही मांडायला हवी. जाहिरातींच्या पैशावर बातम्या, नकाशे, चलचित्रे फुकट मिळतात. माणूस ओळखून दाखवलेल्या जाहिरातीला जास्त भाव येतो. तो बंद झाला तर लहान प्रकाशने अडचणीत येतील, असे उद्योगाचे म्हणणे असते. लहान प्रकाशनांची चिंता खोटी नाही. पण या युक्तिवादातून फार तर माहितीची किंमत सिद्ध होते, वाचकाची संमती नव्हे. शिवाय जाहिरात म्हणजे पाळत, असे समीकरण नाही. शेतीविषयक मासिकात बियाण्यांची जाहिरात येते, ती वाचक कोण आहे हे न जाणताच. मजकूर पाहून जाहिरात लावायची, ही पद्धत इंटरनेटवरही चालते आणि तिला बिल्ल्याची गरज नसते.

फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपात वेगळाच पर्याय पुढे केला. पाळत मान्य करा, नाहीतर दरमहा ९.९९ युरो भरा. मोबाइलवरून घेतल्यास १२.९९ युरो. ही रक्कम पुढच्या वर्षी कमी करण्यात आली. पण पैसे भरू शकणाऱ्यालाच नकार देता येत असेल, तर तो होकार मुक्त कसा? युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये, डिजिटल बाजारपेठांच्या कायद्याखाली, या व्यवस्थेबद्दल मेटाला २० कोटी युरो दंड केला. आपली माहिती कमी वापरणारा समतुल्य पर्याय वापरकर्त्यांना दिला नाही, हा आक्षेप त्यामागे होता.

मनाई आणि संमती

या साऱ्या अनुभवातून एक गोष्ट पुढे येते. जिथे विचारणाऱ्याला सांगता येते आणि उत्तर देणाऱ्याला समजते, तिथे संमती हे चांगले साधन आहे. जिथे हे शक्य नाही, तिथे कायद्याने सरळ मनाई करावी. औषधाच्या गोळीत विष किती चालेल, हे आपण रुग्णाच्या सहीवर सोपवत नाही. युरोपनेही हळूहळू ही वाट धरली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार, अल्पवयीन मुलांना त्यांच्या वैयक्तिक माहितीवरून निवडलेल्या जाहिराती दाखवण्यास समाजमाध्यमांसारख्या मंचांना मनाई आहे. आरोग्य, धर्म, राजकीय मते अशा नाजूक माहितीवरून माणसाचे चित्र बनवून जाहिरात दाखवण्यासही मनाई आहे. इथे चौकट नाही आणि बटणही नाही.

आपल्या देशातही हा प्रश्न आता दाराशी आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. युरोपच्या अनुभवाच्या उजेडात या कायद्याकडे पाहिले, तर त्यातल्या दोन गोष्टींचे स्वागत करावेसे वाटते.

पहिली म्हणजे, संमतीला या कायद्याने मर्यादा घातली आहे. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे : दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि सोबत फोनमधील संपर्कांची यादीही मागितली. वापरणाऱ्याने दोन्हींना होकार दिला, तरी संपर्कयादी उपचाराला आवश्यक नसल्यामुळे तो होकार उपचारापुरताच धरला जाईल. म्हणजे बटण दाबले म्हणून सारे दिले, असे होणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, १८ वर्षांखालील मुलांचा माग ठेवणे, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस कायद्याने मनाई केली आहे. शाळांना नियमांत काही सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. जाहिरातीसाठी ती नाही. शाळेने एखादे ॲप विद्यार्थ्यांना वापरायला सांगितले असेल, तर हा फरक मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवावा.

तरी दोन प्रश्न उरतात. समोरचा वापरकर्ता मूल आहे हे ओळखायचे कसे? वय तपासण्यासाठी अधिक माहिती मागितली, तर खासगीपणा जपण्याच्या नावाखाली सगळ्यांचीच नवी वही सुरू होईल. आणि अकरावी-बारावीतला विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला, की त्या दिवसापासून तो पुन्हा त्या चौकटीपुढे एकटा उभा राहील. लिलावाची यंत्रणा तीच राहिली, तर एका रात्रीत त्याला असे कोणते ज्ञान होणार आहे?

वर्गात काय करता येईल?

या कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. म्हणजे या चौकटी मराठीतही येतील. त्या येण्याआधी वरच्या वर्गांत एक तास या कामाला द्यावा. एखाद्या चौकटीचा मजकूर फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना पुढील प्रश्नांची उत्तरे फक्त त्या मजकुरातून शोधायला सांगा. माहिती कोण घेणार? कोणत्या कामासाठी? कोणाकोणाला देणार? किती दिवस ठेवणार? होकार मागे घ्यायचा तर कुठे जायचे, आणि त्याला होकारापेक्षा जास्त खटपट आहे का? नकार दिला तर काय अडेल?

मग तोच मजकूर सहलीच्या संमतिपत्राशेजारी ठेवून पाहू द्या. ज्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तिथे विद्यार्थ्यांनी फुली मारावी आणि ते उत्तर लिहिणाऱ्याने लपवले आहे, की त्यालाच ते माहीत नसावे, यावर चर्चा करावी. या दोन्हींतला फरक ज्या विद्यार्थ्याला सांगता आला, त्याला संमती म्हणजे काय ते कळले असे समजायला हरकत नाही.